पंधरा वर्षांची मुलकी, सहा महिन्यांचा फड

निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९१९ साली फर्मान निघालं आणि सरकारी नोकरीवर पहिला हक्क कुणाचा, हे कागदावर ठरलं. नोकरी मुलकी माणसाला. गैरमुलकी घ्यायचा तर खास मंजुरी हवी. ज्याचा बाप मुलकी, तो जन्मानंच मुलकी. ज्याच्या जन्माच्या वेळी बापाची संस्थानच्या चाकरीत पंधरा वर्षं भरलेली, तोही मुलकी. बाहेरून येऊन राहिलेल्याला मात्र दोन अटी होत्या. एक, संस्थानात किमान पंधरा वर्षं कायम वास्तव्य. दुसरी, जिथून आलो तिथं परत जाण्याचा विचार सोडून दिला आहे, असं प्रतिज्ञापत्र. तेही ठरलेल्या नमुन्यात आणि दंडाधिकाऱ्याच्या सहीनं.

दुसरी अट पहिलीपेक्षा जास्त बोलकी आहे. वर्षं मोजता येतात. त्यासाठी घरभाड्याच्या पावत्या असतात, शेजारीपाजारी साक्ष देतात. माणसाच्या मनात परतीचा विचार आहे की नाही, हे कोण मोजणार? तेव्हा सरकारनं ते त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं ठरवलं. कायम रहिवासी म्हणजे किती दिवस राहिलेला, या प्रश्नाच्या पोटात कुठं परत जाणारा, हा दुसरा प्रश्न असतोच. बीड जिल्हा तेव्हा या संस्थानात होता. आणि गेल्या शंभर वर्षांत या जिल्ह्याच्या वाट्याला दुसरा प्रश्नच अधिक आला.

मुलकीचं भांडण मुळात हैदराबाद शहरातलं. पहिल्या सालारजंगानं १८५३ पासून तीस वर्षं दिवाणगिरी केली. कारभाराची नवी घडी बसवताना त्यानं उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं आणली. मोहसिन-उल-मुल्क, सय्यद हुसेन बिलग्रामी ही त्यातली ठळक नावं. माणसं कर्तबगार होती यात शंका नाही, पण त्यांच्यामागून त्यांचे भाऊबंद आले, भाऊबंदांचे ओळखीचे आले, आणि मोठ्या पगाराच्या जागा भरत गेल्या. हैदराबादच्या जुन्या घराण्यांना आणि नव्यानं शिकलेल्या पोरांना हे खटकू लागलं. पुढं फारसी जाऊन उर्दू दप्तराची भाषा झाली, तेव्हा उत्तरेकडच्यांचं आणखी फावलं. ‘हैदराबाद हैदराबादकरांचं’ ही हाक याच रागातून उठली आणि १९३० नंतर तिच्यासाठी संघटनाही उभी राहिली.

बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाईच्या मराठी माणसाला या भांडणातून काय मिळालं? फारसं काही नाही, असंच म्हणावं लागतं. तो जन्मानं अस्सल मुलकी, पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत. पण तहसिलीत, अदालतीत, शाळेत उर्दू. संस्थानात मराठी बोलणारे साधारण चौथा हिस्सा होते, तरी साहेबाच्या खुर्चीपर्यंत पोचणारे मोजकेच. नोकरीवरचा हक्क नियमात होता, नोकरीपर्यंत नेणारी शाळा मात्र गावात नव्हती. अशा माणसाला गैरमुलकी उमेदवार आपली जागा खातोय याचं दुःख कुठून होणार? त्याला ती जागा दिसतच नव्हती.

त्याच्यासाठी खरी रेघ दुसरीकडं होती. आष्टीकडचा शेतकरी नगरच्या बाजाराला निघाला की वाटेत संस्थान संपायचं आणि इंग्रजी मुलूख सुरू व्हायचा. मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात. अलीकडं हाली रुपया, पलीकडं कलदार. सोयरिकी दोन्हीकडं, वारीची वाट दोन्हीकडून, पण कागदावर तो नगरला गेला की परदेशात गेलेला असे. ऊसतोडीला जाणारे आजचे ट्रॅक्टर बालाघाट उतरून ज्या रस्त्यांनी पश्चिमेला जातात, त्यांतले काही रस्ते याच जुन्या सरहद्दीवरून जातात.

आणि या रेघेचा पोकळपणा दाखवणारं उदाहरण अंबाजोगाईतच सापडतं. स्वामी रामानंद तीर्थ, पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, यांचा जन्म १९०३ सालचा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा, म्हणजे इंग्रजी मुलखातला. शिक्षण सोलापूर, अमळनेर, पुण्यात. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते आले आणि नंतर अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरीच्या शाळेत मुख्याध्यापक झाले. १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेले आणि पुढं संस्थानच्या मुक्तिलढ्याचे नेते झाले. हा लढा चालवणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घालताना निजाम सरकारचा एक आक्षेप तिच्या संस्थानाबाहेरच्या संबंधांवर होता. आज अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला याच सिंदगीत जन्मलेल्या माणसाचं नाव आहे. मुलकीचा नमुना-अर्ज भरून कुणाला त्यांचं इथलेपण मोजता आलं असतं, असं वाटत नाही.

मुलकीचा नियम जुना वाटतो, पण जगातले आजचे कायदे त्याच दोन पायांवर उभे आहेत. अमेरिकेत ग्रीन कार्डधारक सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिला की नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य तुटल्याचं गृहीत धरतात. ते तुटलं नाही हे त्यानं पटवून द्यायचं. वर्षावर बाहेर राहायचं तर आधी परतीचा परवाना काढून ठेवायचा. विमानतळावरचा अधिकारी विचारतो ते मुलकीच्या प्रतिज्ञापत्रातलंच: घर कुठं आहे, कर कुठं भरता, परत यायचं मनात होतं का? ब्रिटनमध्ये नोकरीच्या व्हिसावरून कायम वास्तव्य मागताना कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं चालत नाही. कॅनडाला पाच वर्षांत ७३० दिवस देशात काढलेले लागतात. पुण्यातल्या, नाशकातल्या कितीतरी घरांत आईबापाचं आजारपण आणि हे दिवसांचे हिशेब एकाच कॅलेंडरवर मांडलेले असतात.

आता ब्रिटनचा १८० दिवसांचा नियम बीडच्या ऊसतोड कुटुंबाला लावून पाहा. दसरा-दिवाळीला घर सोडायचं, पाडव्याच्या आसपास परतायचं. २०२१-२२ सारखा हंगाम लांबला तर जून उजाडतो. म्हणजे कधी नियमाच्या काठावर, कधी काठाबाहेर. स्वतःच्याच गावाचा कायम रहिवासी ठरायला तो लांबलेल्या हंगामात नापास होईल.

तो विषय पुढं येईलच. त्याआधी मुलकीचं काय झालं ते पाहू.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. रझाकारांच्या काळात सरहद्दीपलीकडं नगर, बार्शीकडं गेलेली कुटुंबं परतली. पोलीस कारवाईनंतर जी हिंसा झाली तिच्यात मुस्लिम कुटुंबं उखडली गेली. काही हैदराबाद शहरात गेली, काही त्याही पलीकडं. त्याच वेळी घडत असलेल्या राज्यघटनेत सातवं कलम आलं. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेला माणूस भारताचा नागरिक मानला जाणार नाही. मात्र पुनर्वसनाचा किंवा कायमच्या परतीचा परवाना घेऊन आलेला असेल तर गोष्ट वेगळी. परतण्याचा विचार सोडल्याचं निजामानं लिहून मागितलं होतं, नव्या देशानं परतण्याचा विचार असल्याचा परवाना मागितला. प्रश्न तोच राहिला, उत्तराची बाजू तेवढी उलटली.

प्रशासन चालवायला मद्रास, मुंबई आणि इतर प्रांतांतून अधिकारी आले आणि जुना राग नव्यानं पेटला. १९५२ साली बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री असताना वरंगळ आणि हैदराबादमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. तक्रार अशी, की मुलकीचे खोटे दाखले काढून बाहेरचे लोक जागा बळकावतायत. सप्टेंबरात हैदराबादेत गोळीबार झाला, माणसं मेली. दाखला म्हटला की खोटा दाखला आलाच, हे तेव्हाही खरं होतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला बीड द्वैभाषिक मुंबई राज्यात आलं आणि मुलकी हा प्रकार इथल्यापुरता निरर्थक झाला. त्याआधी, २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला नोकऱ्यांत आणि शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल असा शब्द दिला गेला होता. शब्दच तो. १९५७ साली संसदेनं रहिवासाच्या अटीवर नोकरी राखून ठेवायची मुभा देणारा कायदा केला, त्यात तेलंगण होतं, हिमाचल, मणिपूर, त्रिपुरा होते. मराठवाड्याचं नाव नव्हतं. तेलंगणात मुलकीवरून १९६९ चं आंदोलन झालं, ऑक्टोबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलकी नियम वैध ठरवले, त्यावर आंध्रच्या बाजूनं उठाव झाला आणि १९७३ साली संसदेनं नियम रद्द करून घटनेत ३७१-घ घातलं. बिदर-गुलबर्ग्याकडच्या शेजाऱ्यांना २०१२ च्या घटनादुरुस्तीनं ३७१-ञ मिळालं. एकाच संस्थानातून फुटलेल्या तीन तुकड्यांपैकी दोघांना स्थानिकत्वाची घटनात्मक तटबंदी मिळाली. मराठवाड्याला ३७१ (२) खाली १९९४ साली विकास मंडळ मिळालं, आणि वैद्यकीय प्रवेशात विभागवार ७०:३० चं सूत्र, तेही सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झालं. यात मराठवाड्याचं नुकसान किती आणि सुटका किती, यावर अजून वाद घालता येईल.

पंधरा वर्षं मात्र टिकली. महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र काढायला आज तहसील कार्यालयात पंधरा वर्षांच्याच वास्तव्याचा पुरावा लागतो. निजामाचा आकडा इथं आला असं म्हणायला आधार नाही. आकडा तेवढा तोच आहे.

मुलकी संपली त्याच दशकात बीडच्या माणसाचं बाहेर राहणं सुरू होण्याची तयारी पलीकडच्या जिल्ह्यात चालली होती. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. मग नगर, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर असे कारखाने वाढत गेले. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, तो तोडायला हात हवे होते. स्थानिक हातांना दुसरी कामं होती. पर्जन्यछायेतल्या बालाघाटाच्या डोंगरावर पावसाळी एक पीक निघालं की हात रिकामे. १९७२ च्या दुष्काळानं उरलेल्यांनाही बाहेर काढलं. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी, परळी इथून निघणाऱ्या टोळ्यांतल्या माणसांची संख्या पुढं काही लाखांवर गेली.

या धंद्यात माणूस एकटा मोजला जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. मुकादम उन्हाळ्यात किंवा पोळ्याच्या सुमारास उचल देतो, ती लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात संपते, आणि मग ती फेडायला फडावर जायचं. निघायचा दिवस आला की ट्रॉलीत चढतात बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, सरपण, दोन-चार कोंबड्या, बांधलेली शेळी, आणि सगळ्यात वर गोधड्यांवर बसलेली पोरं. टायरगाडीवाले असतील तर बैलं वेगळ्या गाडीत. घराला कुलूप, नाहीतर ओसरीवर म्हातारी. दसऱ्याला आधी भगवानगडावर आणि अलीकडं सावरगाव घाटला जो मेळावा भरतो, तो या निघण्याच्या उंबरठ्यावरचा. गोपीनाथ मुंडेंना ऊसतोड कामगारांचा नेता म्हणून जी ओळख मिळाली, तिच्यात या तिथीचाही भाग होता. त्यानंतर श्रोते सहा महिने एका जागी सापडणार नव्हते.

फडावर पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. पहाटे तीन-चारला तोड सुरू, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत, वाढे विकून थोडी वरकमाई. हा ऊस संपला की दुसऱ्या शिवारात, कधी सरहद्द ओलांडून कर्नाटकात बेळगावकडं. पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की परत. सहा महिन्यांत त्या कुटुंबाला पत्ता नसतो; असतो तो कारखान्याचा आणि मुकादमाचा.

सरकारी कागद मात्र सगळा पत्त्यावर चालतो. रेशनकार्ड गावच्या दुकानाला बांधलेलं, त्यामुळे ज्वारी-गहू गावात आणि खाणारं तोंड सांगलीत, हे वर्षानुवर्षं चाललं. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘एक देश, एक रेशनकार्ड’ची सुरुवात झाली, त्यात महाराष्ट्र-गुजरात ही पहिल्या जोड्यांपैकी एक होती. आता अंगठा उमटला तर कुठल्याही दुकानात धान्य घेता येतं. कोयता धरून झिजलेला अंगठा मशीन ओळखतं का, आणि पहाटेपासून अंधार पडेपर्यंत फडात असलेल्या बाईला दुकान उघडं कधी सापडतं, हे वेगळं. मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली. पोरगं आजीजवळ ठेवायचं आणि जेवणाची सोय शाळेनं करायची. शाळेच्या हजेरीपटात सलग वर्ष दिसलं तरच पुढं तेच पोरगं अधिवासाचा दाखला विनासायास काढू शकतं. ज्यांचं नाव दर नोव्हेंबरात पटावरून उडालं त्यांना पुरावे जोडत बसावं लागतं.

मतदानाच्या बाबतीत कायदा खरं तर उदार आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं विसावं कलम सांगतं की राहत्या ठिकाणाहून तात्पुरता बाहेर गेलेला माणूस तेवढ्यानं तिथला रहिवासी राहत नाही, असं होत नाही. उलट, नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरतही नाही. ऊसतोड्याचं नाव त्यामुळे गावच्या यादीत पक्कं. अडचण एवढीच, की यादीत असलेला माणूस मतदानाच्या दिवशी गावात हवा. २०१४ ची विधानसभा १५ ऑक्टोबरला झाली, २०१९ ची २१ ऑक्टोबरला. टोळ्या निघायच्या आत. २०२४ ला मतदान आलं २० नोव्हेंबरला आणि गाळपाची तारीख ठरली होती १५ नोव्हेंबर. सैनिकाला टपाली मत आहे. २०१० च्या दुरुस्तीनं परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं नावही पासपोर्टवरच्या पत्त्यानं यादीत राहतं, मग तो न्यू जर्सीत कितीही वर्षं असो. देशातल्या देशात स्थलांतर करणाऱ्यांसाठी निवडणूक आयोगानं दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढं मांडला, पक्षांनी शंका काढल्या, आणि यंत्र नमुन्यापुरतंच राहिलं.

माणूस कुठला, हा प्रश्न एकदा अक्षरशः नाक्यावर उभा राहिला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा टोळ्या फडावरच अडकल्या. १७ एप्रिलला राज्य सरकारनं त्यांना गावी जायची परवानगी दिली. ३८ कारखान्यांवरचे सव्वा लाखाहून अधिक कामगार त्यात होते. तपासणी करायची, यादी करायची, कुठल्या गावचा ते लिहायचं, मग सोडायचं. काही गावांनी स्वतःच्याच माणसांना शिवाराबाहेर रानात थांबवलं. साथीच्या भीतीनं थांबवलं, हे समजून घेता येतं. पण घराच्या किल्लीसह उभ्या असलेल्या माणसाकडं तू कुठला म्हणून पाहिलं गेलं, तेही विसरण्यासारखं नाही.

आता जनगणना. बीडच्या बाबतीत रहिवासाचा सगळ्यात मोठा पेच इथं आहे, आणि त्याच्याकडं सगळ्यात कमी लक्ष गेलं आहे.

१९३१ पर्यंत शिरगणती एका रात्रीत व्हायची. जो जिथं सापडला तिथं मोजला. नंतर पद्धत बदलली. आताचा नियम असा, की माणूस ज्या घरात सहसा राहतो तिथं मोजायचा, पण मोजणीच्या मुदतीत तो एकदा तरी तिथं असला पाहिजे. पूर्ण मुदतभर बाहेर असेल तर जिथं आहे तिथं मोजायचा. २०११ ला ही मुदत होती ९ ते २८ फेब्रुवारी आणि संदर्भाचा क्षण १ मार्चच्या पहिल्या ठोक्याचा. १९८१ पासून प्रत्येक जनगणनेची मुदत हीच. १९७१ ला लोकसभेच्या निवडणुकीमुळे तारीख महिनाभर पुढं गेली होती, तो अपवाद.

फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा भर. त्या वीस दिवसांत एकदाही गावी न आलेलं कुटुंब नियमानं बीडमध्ये मोजायचंच नसतं. त्यांना मोजायचं ते सांगली-कोल्हापूरच्या, सोलापूर-नगरच्या, बेळगावच्या शिवारात, कोपीत जाऊन. मोजणाऱ्यानं फड गाठला असेल तर ते पश्चिम महाराष्ट्राची किंवा कर्नाटकाची लोकसंख्या झाले. गाठला नसेल तर कुठलीच नाही. २०११ च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार भरली. ती या फेब्रुवारीच्या नियमानं भरलेली संख्या आहे. जन्मस्थान आणि मागचं राहण्याचं ठिकाण विचारणारे रकाने तक्त्यात असतात, पण त्या रकान्यांमुळे माणूस बीडच्या बेरजेत येत नाही. आणि बेरजेवरच पुढचं सगळं ठरतं: २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याचा कोटा, ग्रामपंचायतीचा निधी, गट आणि गणांची रचना. एकीकडं मतदार कायदा म्हणतो, तात्पुरतं गेलात म्हणून तुमचं राहणं सुटत नाही. दुसरीकडं जनगणना म्हणते, या वीस दिवसांत कुठं होतात तेवढं सांगा. दोन्ही कायदे एकाच सरकारचे.

जातीच्या दाखल्याचं गणित आणखी मागं नेतं. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० ला, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ ला आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ ला आपलं कुटुंब कुठं राहत होतं ते दाखवावं लागतं. पोट भरण्यासाठी किंवा शिकायला तात्पुरता बाहेर गेलेल्याचा मूळ राज्यातला हक्क जात नाही, असा केंद्राचा १९७७ सालचाच खुलासा आहे. पण पुरावा? खासरापत्रकात ज्याच्या नावे जमीन, त्याला सोपं. भूमिहीन आणि त्यात फिरतीवर असलेल्या घराला आजोबा या गावचे होते हे कुठल्या कागदावर दाखवायचं? मराठा आरक्षणाच्या आंदोलनात निजामकाळातल्या नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, ती हैदराबादपर्यंत गेली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानं हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेतला, आणि जमिनीचा पुरावा नसलेल्यांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी पूर्वज त्या भागात राहत होते असं प्रतिज्ञापत्र ठेवलं. निजामाच्या नमुन्यातल्यासारखंच प्रतिज्ञापत्र, शंभर वर्षांनी, त्याच जिल्ह्यात.

या सगळ्या कागदांत एकच असा आहे ज्यात बाहेर राहणं ही पात्रता ठरली. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागं दहा रुपये घ्यायचं ठरलं, आणि २०२१ मध्ये ग्रामसेवकांना कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यायला सांगितलं. अट काय, तर सलग तीन वर्षं किंवा त्याहून जास्त ऊसतोड केलेली असावी. जो जास्त हंगाम गावाबाहेर, त्याचा हक्क पक्का. अशी नोंद पन्नास वर्षांपूर्वी सुरू व्हायला हवी होती. त्यातही खोच आहे: नोंद गावात होते, आणि कामगार गावात असतो तो एप्रिल ते ऑक्टोबर. कॅम्प हिवाळ्यात लावला तर रांगेत म्हातारी माणसंच दिसतात.

हैदराबादच्या दप्तरापासून दिल्लीच्या जनगणना भवनापर्यंत रहिवासाचा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं बहुतेक वेळा बाहेरून आत येणारा माणूस राहिला. त्याला किती वर्षांनी आपला म्हणायचं, याची काळजी त्यांनी घेतली. दरवर्षी जाऊन दरवर्षी परत येणारा त्यांच्या हिशेबात बसला नाही. जिथं बसला, तिथं त्याला बसवणारं कलम अंमलात आणायला कुणी फडावर गेलं नाही.

पुढच्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आहे. संदर्भाचा क्षण १ मार्च २०२७ च्या रात्री बाराचा, म्हणजे मोजणी पुन्हा भर हंगामात. या वेळी जातीचीही नोंद होणार आहे, त्यामुळे कुठल्या गावात कोण किती, हा आकडा पुढची अनेक वर्षं पुरणार आहे. गाळप करणाऱ्या कारखान्यांची यादी साखर आयुक्तालयाकडं असते, टोळ्यांची नावं कारखान्याच्या शेतकी विभागाकडं आणि मुकादमाच्या वहीत असतात, ओळखपत्रांची नोंद ग्रामपंचायतीकडं असते. बीडच्या जिल्हा प्रशासनानं हे तीन कागद जानेवारी २०२७ च्या आत एकत्र आणावेत आणि फड असलेल्या प्रत्येक जिल्ह्याच्या जनगणना अधिकाऱ्याकडं पाठवावेत.